एक तास दहा मिनिटं

टपालाची थैली वाहून नेणाऱ्या माणसाला आमच्या कागदोपत्री ‘रनर’ म्हणत. रनर म्हणजे पळणारा. ज्या कोणी हे नाव ठेवलं, तो थैली खांद्यावर घेऊन आऱ्याची घाटी कधी चढला नसावा. मी या रनर लोकांवरचा ओव्हरसियर होतो. रत्नागिरीच्या आसपासच्या टपालाच्या वाटा सव्वीस वर्षं माझ्याकडे होत्या. पहिली काही वर्षं मीही असंच समजत होतो, की जो जास्त जोरात पळतो तो चांगला रनर. हा समज माझ्या डोक्यातून गेला, पण त्यापायी एका माणसाचा गुडघा गेला. नोकरीतल्या बाकीच्या गमतीजमती सांगण्यासारख्या पुष्कळ आहेत. हे मात्र सांगायलाच हवं असं वाटतं, म्हणून हेच लिहितो.

ज्यांनी मोटारीनं येणारंच टपाल पाहिलं आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं. त्या काळी मुंबईचं टपाल आगबोटीनं रत्नागिरीला येई, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की कोल्हापूरकडून मोटारीनं. तिथून उत्तरेला जयगडपर्यंत मात्र माणसाच्या पायांशिवाय दुसरं साधन नव्हतं. या वाटेचे पाच-सहा मैलांचे टप्पे पाडलेले होते. प्रत्येक टप्प्यावर एक रनर. सकाळी तो थैली घेऊन निघायचा, टप्प्याच्या शेवटी गवतानं शाकारलेल्या खोपीत पुढच्या रनरच्या हवाली करायचा, आणि दुपारी तिकडून आलेली थैली घेऊन त्याच वाटेनं परत. खांद्यावर थैली, हातात घुंगुरकाठी. काठीला वर भाल्याचं पातं आणि खाली घुंगरांचा झुबका. त्या आवाजानं वाटेतलं जनावर बाजूला होई आणि खोपीतला माणूस उठून तयार राही. थैलीबरोबर एक कागद असे. कोण किती वाजता निघाला आणि किती वाजता पोचला, हे त्यावर लिहायचं. तो कागद तपासणं हे माझं मुख्य काम.

आमच्या वाटेवरचा सगळ्यांत वाईट टप्पा दुसरा. साखरतरची तर, म्हणजे होडीनं पार करायची खाडी, ओलांडली की कालबादेवी, तिथून आरे, मग घाटी, घाटीच्या पलीकडे वारे आणि शेवटी नेवरे. साडेपाच मैल. घाटीत जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट होती. चढताना धाप लागे आणि उतरताना गुडघे बोलत. या टप्प्याला दीड तास ठरलेला होता.

तिथं लक्ष्मण नावाचा रनर होता. नेवऱ्याच्या एका वाडीतला, कुणब्याचा, बावीस-तेवीस वर्षांचा. घरी फक्त आई. अंगानं सडपातळ, पण पोटऱ्या अशा की पाहत राहावं. त्याच्या पुढचा टप्पा, नेवरे ते गणपतीपुळे, भिकूकडे होता. भिकू पन्नाशीला आलेला, थोडा वाकलेला, विड्या ओढणारा. त्याच्याकडे पाहून कोणी त्याला ओटी झाडण्यापलीकडचं काम दिलं नसतं. पण अकरा वर्षांत त्याचा एक खाडा नव्हता. कागदावर त्याची वेळ रोज तीच, चार-पाच मिनिटं इकडे-तिकडे. खरं सांगायचं तर भिकूचे कागद तपासताना मला जांभया येत.

एका उन्हाळ्यात आमचे सुपरिंटेंडंट बदलून आले. घाटावरचे गृहस्थ, कडक, शब्दाला पक्के. त्यांनी मला बोलावून विचारलं, “जयगडची थैली फार उशिरा पोचते. लोकांना त्याच दिवशी उत्तर टाकता येत नाही. ही वाट तासाभरानं कमी होईल का?”

मला बढती हवी होती. ओव्हरसियरची पायपीट सोडून कचेरीत टेबलाशी बसावं, ही तेव्हाची माझी महत्त्वाकांक्षा. मी म्हटलं, “पाहून सांगतो साहेब.”

पाहिलं ते असं. लक्ष्मणला एक दिवस सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळची हवा थंड होती आणि थैली हलकी. त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, “लक्ष्मण, उद्या जीव तोडून ये. बघू किती वेळात पोचतोस.” मी आदल्या दिवशीच नेवऱ्याला जाऊन बसलो होतो. सुटल्याची वेळ कागदावर, पोचल्याची माझ्या घड्याळात. लक्ष्मण आला तेव्हा अंगातून पाणी निथळत होतं आणि तोंडावर हसू होतं. एक तास पाच मिनिटं.

“शाबास,” मी म्हटलं. त्याला इतका आनंद झाला की तो उभ्या उभ्या परत जायला निघाला.

भिकू खोपीत थैली घ्यायला बसला होता. त्यानं विडी विझवली आणि म्हणाला, “ओव्हरशेर, तो आज धावला. टपाल रोज जातं.”

“तुझं वय झालं भिकू,” मी म्हटलं. “तुला नाही जमायचं म्हणून कोणालाच जमणार नाही, असं नाही.”

तो उठला. थैली उचलून चालू लागला.

मी अहवाल लिहिला. पाच मिनिटं सैल सोडून एक तास दहा मिनिटं. माझ्या मते हे औदार्य होतं. बाकीच्या टप्प्यांनाही त्याच मापानं कात्री लावली आणि खाली झोकात सही केली. साहेबांनी नवं वेळापत्रक काढलं. नियम असा, की उशीर झाला की कागदावर शेरा, आणि एका महिन्यात तीन शेरे पडले की नोकरी जाण्याची पाळी.

पहिले पंधरा दिवस जयगडहून खुशीची पत्रं आली. साहेबांनी चारचौघांत माझं नाव घेतलं. पुढं पाऊस लागला आणि शेरे पडू लागले. चौथ्या टप्प्यावरचा रनर नोकरी सोडून मुंबईला गिरणीत गेला. त्याच्या जागी आलेला आठ दिवसांत तापानं पडला. भिकू पहिल्यासारखाच चालत राहिला. महिन्याला दोन शेरे घ्यायचा आणि तिसऱ्याच्या बेताला कसाबसा सांभाळून न्यायचा. एकटा लक्ष्मण वेळ पाळत होता. एक तास दहा, एक तास आठ, एक तास दहा. मी इतरांना त्याचे कागद दाखवत असे.

श्रावणात एकदा मी त्याला उजव्या गुडघ्याला फडकं बांधलेलं पाहिलं. विचारलं, तर म्हणाला, “काय नाय. पाखाडीवर ठेचकाळलो.” दुसऱ्या खेपेला गुडघा सुजलेला दिसला. मी म्हटलं, “दोन दिवस बदली घे.” तो म्हणाला, “बदलीवाल्याला ही वेळ जमणार नाय सायेब. शेरा माझ्या टप्प्यावर पडेल.” त्यात अभिमान होता, आणि तो मीच त्याच्यात भरला होता. मी त्याला जबरदस्तीनं बसवायला हवं होतं. मी सायकल काढली आणि पुढं गेलो.

भाद्रपद संपता संपता, एका सकाळी, मी नेवऱ्याच्या खोपीत भिकूबरोबर बसलो होतो. वेळ झाली, घुंगरू ऐकू आलं नाही. आणखी अर्धा तास गेला. भिकू उठला आणि वारे गावाच्या दिशेनं चालू लागला. मी मागोमाग. घाटीच्या अलीकडे, पाखाडीच्या शेवटच्या पायऱ्यांखाली, लक्ष्मण गडग्याला, वाटेकडेच्या दगडी कुंपणाला, टेकून बसलेला होता. शेवाळलेल्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला होता आणि तो दहा-बारा पायऱ्या खाली आला होता. पाय भलत्याच कोनात होता. थैली त्यानं पोटाशी धरली होती आणि तिच्यावर स्वतःची घोंगडी पांघरली होती. पाऊस भुरभुरत होता.

“थैली सुकी हाय,” तो म्हणाला. मग विचारलं, “किती झाले?”

मी घड्याळ काढलं नाही. भिकूनं थैली उचलून माझ्या हातात दिली आणि लक्ष्मणला पाठीवर घेतलं. त्या वयाचा तो माणूस त्याला तसाच नेवऱ्यापर्यंत घेऊन आला, एकदाही न थांबता. वाटेत मी दोनदा म्हटलं, “थोडा टेक.” तो म्हणाला, “टेकलो तर परत उचलायचं होणार नाय. असंच बरं.”

हाडवैद्यानं पाय बांधला. चालता येईल, म्हणाला, पण ओझं घेऊन घाटी चढणं संपलं.

मी तिसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, “माझा अहवाल चुकला. तो मागे घ्यायचा आहे.”

साहेबांनी फाइल काढली. “ही सही कोणाची?”

“माझी.”

“म्हणजे त्या वेळी तुम्ही खोटं लिहिलंत?”

“खोटं नाही साहेब. एका दिवसाचं लिहिलं.”

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, “हे पाहा, एक माणूस पडला म्हणून वेळापत्रक फिरवायचं, तर उद्या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी पडेल. तुम्ही एक आकडा आणलात, तो मी मानला. आता तो चूक असेल तर दुसरा आणा. दया दाखवून काम चालत नाही.”

“आणतो,” मी म्हटलं. “दुसरा टप्पा रिकामा आहे. तो मी स्वतः करतो. पौषअखेरपर्यंत, रोज, जाऊन येऊन. मग जो आकडा निघेल तो तुम्ही पाहा.”

साहेब पहिल्यांदा हसले. “तुम्ही?” त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, आणि सायकलवर बसून बसून पोट सुटलेलं होतं. “करा. तोवर तुमचं बाकीचं काम दुसऱ्याकडे देतो. पण एक खाडा पडला तर विषय संपला.”

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळी भाजत होती. “घुंगुरकाठी घेऊन गावांतून जाणार? लोक काय म्हणतील?”

“जे म्हणायचं ते म्हणतील.”

“अहो, तुम्हाला पाण्याची कळशी उचलून आणताना धाप लागते.” एवढं बोलून ती थांबली. नंतर म्हणाली, “कालबादेवीला मावशीकडे उतरा. सकाळी पेज खाऊन निघत जा, चहावर नको.”

पहिल्या दिवशी मी ठरवलं, की लक्ष्मणची वेळ गाठून दाखवायचीच. म्हणजे मनात काय होतं पाहा, ज्या आकड्यानं घात केला तोच मला हवा होता. आऱ्यापर्यंत पळत गेलो. घाटीच्या मध्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली. वर पोचून पोटातली सगळी पेज बाहेर टाकली. नेवऱ्याला पोचायला दोन तास वीस मिनिटं लागली. परतीच्या वाटेवर पायऱ्या उतरताना हातांनी गडगा धरावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या ओटीची एकच पायरी उतरताना तोंडातून आवाज निघाला. तरी गेलो. अडीच तास लागले. तिसऱ्या दिवशीही तेवढेच लागले. वारे गावच्या बायका विहिरीवर थांबून पाहत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, “ह्यांच्यापरीस टपाल आपसूक लौकर पोचलं असतं.”

नेवऱ्याच्या खोपीत भिकूनं मला पाणी दिलं. मी ओशाळून म्हटलं, “मी तुला म्हातारा म्हणालो होतो.”

“म्हातारा तर हायच,” तो म्हणाला. “उद्या सकाळी मी कालबादेवीला येतो. तुमच्याबरोबर चालतो एकदा.”

आपला स्वतःचा टप्पा असताना तो आदल्या संध्याकाळी साडेपाच मैल चालत आला, ओटीवर झोपला, आणि सकाळी माझ्याबरोबर निघाला. निघताना त्यानं माझ्या हातातली काठी नीट धरून दाखवली.

“घुंगराकडं कान ठेवा,” तो म्हणाला. “सपाटीला जसं वाजतं तसंच घाटीत वाजलं पायजे. पाऊल बारीक करा, पन ताल सोडू नका.”

आम्ही निघालो. आऱ्याच्या वाळूवर माझे पाय आपोआप जोर धरू लागले. “हां,” तो म्हणाला. “इथं घाई करू नका.”

“पण इथं दम आहे.”

“हाय तो इथला नाय. घाटीचा हाय.” थोड्या वेळानं म्हणाला, “माझ्याशी बोलत चला. बोलता आलं नाय म्हंजे जास्त झालं.”

घाटीत मी बोलत होतो. काय बोललो आठवत नाही, बहुतेक साहेबांच्या तक्रारी. पण बोलत बोलत वर पोचलो आणि उभा होतो. उतरताना त्यानं गुडघे किंचित वाकवून, तिरकं पाऊल टाकून दाखवलं. पायरीवर आदळायचं नाही, टेकवायचं. साडेपाच मैलांत तो एकदाही पळाला नाही आणि एकदाही थांबला नाही. एक तास पन्नास मिनिटं लागली. आदल्या दिवशीपेक्षा चाळीस मिनिटं कमी, आणि मला वाटत होतं की आपण रमतगमत आलो.

“उद्या यापेक्षा लवकर?” मी विचारलं.

“उद्या एवढंच,” भिकू म्हणाला. “परवा बी एवढंच. पाय सवताहून मागतील तेव्हा द्या. तुमी आपनहून देऊ नका.”

मी तसं केलं. सांगायला सोपं वाटतं. रोज तेच करण्यात काही मर्दुमकी दिसत नाही, कोणी शाबास म्हणत नाही, आणि आपल्यालाही आपण काही केलंय असं वाटत नाही. पहिले वीस दिवस एक तास पन्नास, पंचेचाळीस, पुन्हा पन्नास. रोज रात्री मी ते वहीत लिहून ठेवत असे, वेळ, थैलीचं वजन, हवा, आणि पाय कसे आहेत ते. दिवाळीत सगळे घरी फराळाला बसले असताना मी घाटीत होतो. एकदा ताप होता, तेव्हा दोन तास लागले, पण खाडा नाही. कार्तिकाच्या शेवटी एक तास पस्तीसवर आलो. पॅंटचा पट्टा दोन भोकं आत गेला. वाऱ्याच्या विहिरीवरच्या बायका आता पाहायच्याही थांबल्या.

मार्गशीर्षात एका सकाळी हवा अशी होती, की अंगात वारं भरावं. पाय हलके. मनात आलं, बघू तरी. भिकूचं सगळं सांगणं बाजूला ठेवून मी सुटलो. घाटी एका दमात चढलो आणि पाखाडी उड्या मारत उतरलो. नेवऱ्याला पोचलो तेव्हा एक तास चौदा मिनिटं झाली होती. अडतीस वर्षांचा ढेरपोट्या ओव्हरसियर, आणि एक तास चौदा. मी खोपीत नाचायचाच बाकी होतो.

भिकू म्हणाला, “बरं झालं. आता उद्या काय व्हतं ते पन लिवा.”

उद्या एक तास चाळीस. परवा दोन तासांना पाच कमी, नडगीत सुया टोचत होत्या. त्यापुढं पूर्ववत यायला सहा दिवस लागले. सहाव्या रात्री मी वही पुढं घेऊन बेरीज केली. एका दिवशी वाचवलेली वीस मिनिटं मी पुढच्या आठवड्यात तिप्पट करून परत दिली होती. मग नव्या वेळापत्रकाच्या चार महिन्यांतले सगळ्या टप्प्यांचे कागद काढले. लक्ष्मणचे वेगाचे दिवस, चौथा टप्पा रिकामा राहिला ते दिवस, बदलीवाल्यांचे उशीर, सगळं एकत्र मांडलं. त्या चार महिन्यांत जयगडची थैली जुन्या दीड तासाच्या हिशेबापेक्षा एकूण उशिराच पोचली होती. ही गोष्ट मला बसल्या जागी, लक्ष्मणचा पाय मोडण्यापूर्वी कळायला हवी होती. कागद माझ्याकडेच होते. मी त्यांतले फक्त चांगले दिवस पाहत होतो.

पौषात साहेब न कळवता कालबादेवीला आले. “आज मी तुमच्याबरोबर येतो. पण चालायचं नव्या वेळापत्रकाच्या चालीनं.”

“साहेब, तुम्ही पुढं व्हा त्या चालीनं,” मी म्हटलं. “मी माझ्या चालीनं येतो.”

ते पुढं गेले. माणूस काटक होता आणि खांद्यावर काही नव्हतं. आऱ्याच्या पलीकडे मला ते बरेच पुढं दिसत होते. घाटीच्या अर्ध्यावर मी त्यांना गाठलं. ते एका चिऱ्यावर बसले होते, टोपी हातात, तोंड लाल.

“थांबा,” ते म्हणाले. “दोन मिनिटं बसू.”

आयुष्यात वरिष्ठाला नाही म्हणायचा प्रसंग माझ्यावर फारसा आला नव्हता. मी उभा राहणारच होतो, पण पाय थांबवणं म्हणजे ताल मोडणं, हे आता अंगात मुरलं होतं. “साहेब, टपाल आहे,” मी म्हटलं. “पुढं खोपीत पाणी आहे. सावकाश या.” आणि मी चढू लागलो. मागं वळून पाहण्याचं धैर्य झालं नाही. घुंगरू वाजत होतं तसं वाजत राहिलं.

नेवऱ्याला एक तास सत्तावीस मिनिटांनी पोचलो. भिकू थैली घेऊन निघून गेला. साहेब त्यानंतर अर्ध्या तासानं आले, पाणी प्यायले आणि खोपीतल्या फळीवर बसले. माझी नोकरी आता जाते की नंतर, एवढाच विचार माझ्या मनात होता.

“उद्या पुन्हा सत्तावीस होईल?” त्यांनी विचारलं.

“पंचवीस ते तीस. उद्या, परवा, आणि पावसाळ्यात आणखी दहा मिनिटं.”

मी वही पुढं केली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. ओकारी लिहिलेलं पान वाचलं. एक तास चौदाचं पान वाचलं, आणि त्यापुढची सहा पानं दोनदा वाचली. मग म्हणाले, “हे तुम्ही आधी आणलं असतं तर.”

“हो साहेब.”

“दीड तास करतो. पावसाळ्यात एक तास चाळीस. बाकीचे टप्पेही पूर्ववत. पण तुमचा पहिला अहवाल फाइलीतून निघणार नाही. चुकीची माहिती दिल्याची नोंद राहील.”

“राहू दे,” मी म्हटलं.

ती राहिली. कचेरीतलं टेबल मला पुढं दहा वर्षं मिळालं नाही, आणि मिळालं तेव्हा मला ते नको होतं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट लक्ष्मणचं वाटतं. त्याला परत घेण्यासाठी मी तीन अर्ज केले. ओझं वाहायला नालायक, असा शेरा तिन्ही वेळा आला. त्याच्या टप्प्यावर नवा माणूस लागला.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो खळ्यात बसून सुंभ वळत होता. वेळापत्रक पूर्ववत झाल्याचं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

“मंग मी कशाला पळलो?” तो म्हणाला.

“माझ्यामुळे पळलास,” मी म्हटलं.

“तुमी शाबास म्हनालात,” तो म्हणाला. “मला ते रोज ऐकायचं होतं.”

त्याची आई आतून म्हणाली, “ओव्हरशेर, सकाळधरनं ह्यो तिथंच बसून असतो. उठतच नाय.”

त्याला काही उपदेश करावा असं तोंड मला नव्हतं. पण भिकूला होतं. भिकू दुपारी टप्प्यावरून परतताना रोज त्याच्या खळ्यात थांबू लागला. पहिल्या दिवशी त्याला काठी देऊन विहिरीपर्यंत नेलं आणि परत आणलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच. लक्ष्मण चिडला. “एवढ्यानं काय होनाराय?” भिकू म्हणाला, “आज काय नाय व्हनार.” आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीपर्यंत. मी फेरीवर गेलो की मीही त्यांच्याबरोबर चालायचो. एकदा लक्ष्मणला हुरूप आला आणि तो काठी टाकून गडग्यापर्यंत गेला. भिकूनं काठी उचलून त्याच्या हातात दिली आणि त्याला मागं फिरवलं. होळीपर्यंत तो वाडीच्या टोकाला जाऊ लागला. पावसाळ्यात ओटीवरच फेऱ्या. पुढच्या कार्तिकात तो वारे गावापर्यंत जाऊन यायला लागला, लंगडत, पण एकटा.

मार्गशीर्षात त्यानं मला निरोप पाठवला, की घाटी चढायची आहे, तुम्ही या. भिकूला टप्पा सोडता येत नव्हता. मी नेवऱ्याहून त्याच्याबरोबर निघालो. वाऱ्याच्या बाजूची, तो ज्यावर पडला होता तीच पाखाडी. तो एक पाय वर ठेवी, दुसरा त्याच्याशी आणी, मग पुढची पायरी. मी दोन-तीनदा हात पुढं केला. त्यानं घेतला नाही. जिथं तो पडला ती जागा आली तेव्हा मला वाटलं तो थांबेल. तो थांबला नाही. वर पोचायला आम्हाला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. वर वारा होता, खाली समुद्र, आऱ्याची वाळू. तो उभ्यानंच थोडा वेळ पाहत राहिला.

मला त्या दिवशी कालबादेवीला हजर व्हायचं होतं, आणि त्याला मागं नेवऱ्याला उतरायचं होतं. उतारच त्याच्या गुडघ्याला जास्त त्रासाचा, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, “मी आधी तुला खाली पोचवतो. माझं तिकडचं उद्या होईल.”

“नको,” तो म्हणाला. “तुमी तुमच्या कामाला जावा.”

“पायऱ्या ओल्या आहेत, दंव आहे.”

“ऊन पडेपर्यंत बसतो,” लक्ष्मण म्हणाला. “मंग उतरतो. एकेक.”

मी आऱ्याच्या बाजूनं उतरायला लागलो. काही पायऱ्यांनंतर न राहवून वळून पाहिलं. तो चिऱ्यावर पाय लांब करून बसला होता, दोन्ही हातांनी गुडघा सावकाश चोळत, आणि पाखाडीवर ऊन यायची वाट पाहत.

दुसऱ्या दिवशीच्या थैलीबरोबर भिकूचा निरोप आला. लक्ष्मण काल दुपारी घरी पोचला होता, आणि आज पुन्हा घाटीकडं गेला होता.